गाणं नको, जागा पाठव

पत्र :

काका, मी मूळची कोल्हापूरची, वय 29, नोकरीसाठी पुण्यात. गेल्या दिवाळीत आजोळी इचलकरंजीला माळा आवरताना आजोबांची ट्रंक सापडली. आत 46 जुन्या रेकॉर्डी, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी 78 चं (मिनिटाला 78 फेरे) बटण असलेला नवा प्लेअर घेतला, फाइली केल्या आणि जुन्या गाण्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक टाकायला लागले. आवाज जरा पातळ येतो, खरखर फार, पण येतो. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत. उत्तरादाखल जोडलेले हात आणि 'अप्रतिम'. कुणी ऐकतं की नाही, देव जाणे.

एकदा मी 'राग भूप' लिहिलं, तर एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "हा देशकार आहे. आधी ऐकायला शिका, मग वाटा." पंधरा दिवस मी गप्प बसले. तेवढ्यात दिसलं, माझीच एक फाइल कुणा गृहस्थांनी आपल्या चॅनेलवर चढवली आहे. लेबलच्या फोटोवर स्वतःचं नाव आडवं छापून, 'अतिदुर्मिळ' म्हणून. आता वाटतं, ट्रंक बंद करावी आणि एकटीनं ऐकावं.

शिवाय एक कॅसेट आहे. 1984 च्या कोजागिरीला आजोबांच्या घरी बैठक झाली होती, तिची. गाणाऱ्या बाई आता नाहीत, त्यांची मुलगी सांगलीत असते. ग्रुपवर मी बोलून गेले आणि आता रोज तगादा आहे. टाकू का?

— ट्रंकवाली, पुणे

उत्तर :

ट्रंकवाले, तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. मत्सर वाटला. 46 रेकॉर्डी, त्याही कागदात गुंडाळलेल्या! आमच्या वेळी चोरबाजारात उकिडवं बसून ढिगातून एकेक उपसायची, धूळ फुंकायची आणि निम्म्या तडकलेल्या निघायच्या. तुला माळ्यावर आयती मिळाली. असो.

आता मुद्द्याचं. लोक ऐकत नाहीत ही तुझी तक्रार खरी आहे, पण दोष सगळा त्यांचा नाही. बैठकीत दाद कशी जाते ते आठव. गाणारा एखादी जागा, म्हणजे एखादं खास सुरेल वळण, घेतो आणि तिसऱ्या रांगेतून त्याच क्षणी 'क्या बात' निघतं. कधीकधी तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधीच, कारण ऐकणाऱ्याला ती येताना दिसलेली असते. ती दाद त्या जागेला असते, संपूर्ण गाण्याला नसते. तुझं गाणं मात्र सकाळी पावणेआठला एखाद्याच्या खिशात जाऊन पडतं. तो लोकलच्या दारात उभा आहे, किंवा गॅसवर दूध आहे. तो म्हणतो, संध्याकाळी निवांत ऐकू, आणि तोवर माणुसकी म्हणून हात जोडून ठेवतो. संध्याकाळपर्यंत वर साठ निरोप आलेले असतात, त्यात निम्मे सुप्रभात. तुझी साडेतीन मिनिटं खाली गेली. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा एक टाकतेस. रोज पंचपक्वान्न वाढलं की माणूस ताटाकडे बघेनासा होतो.

म्हणून रोज नको, आठवड्याला एक. आणि गाणं नुसतं टाकू नकोस, जागा पाठव. म्हणजे असं काहीतरी लिही : 'दुसऱ्या अंतऱ्यात, 1 मिनिट 50 सेकंदांवर, बाई पंचमावरून एकदम वर जातात आणि शब्द अर्ध्यात सोडून देतात. मी तिथे तीनदा मागे गेले. तुम्हाला तिथे काय ऐकू येतं?' एवढंच. साडेतीन मिनिटं ऐका म्हटलं तर कुणी ऐकत नाही. ही दहा सेकंदं ऐका म्हटलं की माणूस ऐकतो, आणि मग मागे जाऊन पहिल्यापासून ऐकतो, कारण त्याला बघायचं असतं की तू उगाच तर नाही ना कौतुक करत. दोनशेतले पाच जण बोलले तरी पुष्कळ. बैठकीतही दाद देणारे पाचच असतात, बाकीचे त्या पाचांच्या माना बघून हलतात.

नेमकं बोट ठेवण्याचं काय मोल असतं त्याचं एक उदाहरण देतो. 1977 साली नासाच्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवायची होती, त्यात पृथ्वीवरचं संगीत. सगळ्या जगासाठी मिळून जेमतेम दीड तास. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या संगीत-अभ्यासकानं भारताच्या बाजूनं आग्रह धरला तो आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांच्या भैरवीचा, 'जात कहाँ हो'. भारतीय संगीताची यादी करून नाही दिली. ही एक रेकॉर्ड, असं म्हणाला. आणि गंमत बघ, ती रेकॉर्ड मिळेना. बाजारातून केव्हाच गेलेली. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर विजेची उपकरणं विकणाऱ्या एका भारतीय दुकानात, खोक्यात पडलेल्या तीन प्रती सापडल्या. म्हणजे तुझ्या ट्रंकेसारखाच प्रकार, फक्त माळ्याऐवजी मॅनहॅटन. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबर 1977 ला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. ज्या बाईंना ध्वनिमुद्रणाची फारशी आवड नव्हती, त्यांचीच साडेतीन मिनिटं आज सूर्यमालेच्या कडेपलीकडे आहेत. त्या ब्राऊनसाहेबांनी रोज सकाळी एक टाकलं असतं तर कुणी दुकानं हुडकत फिरलं असतं का?

जागेबरोबर एक ओळ गाण्याच्या घराण्यागोत्याचीही लिही, पण एकच. ट्रंकेत 'स्वयंवर' मधलं काही असेलच, कोल्हापूरकडच्या घरात नसेल असं होत नाही. तर नुसतं 'बालगंधर्वांचं अजरामर पद' असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. लिही की नाटक 1916 चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि बुवा 1922 साली गेले ते आपल्या आवाजाची एकही तबकडी मागे न ठेवता. म्हणजे बुवा कसे विचार करत होते ते ऐकायचं तर बालगंधर्वांसारख्या शिष्यांच्या गळ्यातूनच. एवढं वाचलं की तेच पद, शंभर वेळा ऐकलेलं, माणूस वेगळ्या कानानं ऐकतो.

आता ते देशकारवाले ज्येष्ठ. माणूस रागाच्या बाबतीत बरोबर असेल, रीतीच्या बाबतीत साफ चूक. चारचौघांत एखाद्या नवख्या मुलीला 'आधी ऐकायला शिका' म्हणणाऱ्यानं आधी बोलायला शिकावं. पण त्यांच्यावर रुसून तुझंच नुकसान आहे. भूप आणि देशकार, सूर तेच पाच : सा रे ग प ध. फरक चलनात, म्हणजे सूर कसे चालतात त्यात. भूप रात्रीचा, त्याचा जीव गंधारात (ग); देशकार सकाळचा, तो वरच्या अंगात, धैवताभोवती (ध) रेंगाळतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोन्ही पाठोपाठ ऐकून कळतं. आणि तीन मिनिटांच्या तबकडीत तर भले भले चकतात, कारण गायकाला पसरायला वेळच नसतो. तू त्यांना सरळ विचार : 'काका, देशकार तुम्हाला नेमका कुठे कळला? कितव्या सेकंदाला?' दोनच गोष्टी होतील. एक तर त्यांना सांगता येणार नाही आणि ते पुन्हा वाटेला जाणार नाहीत. नाहीतर ते अर्धं पान लिहितील, आणि मग तुला गुरू मिळाला असं समज. माझा अनुभव दुसऱ्या प्रकारचा आहे. ही खेकसणारी मंडळी बहुधा कुणी विचारत नाही म्हणून खेकसत असतात.

चुकण्याबद्दल म्हणशील तर माझं ऐक. मी एका मित्राच्या प्लेअरवरून एका बाईंची रेकॉर्ड कॅसेटवर उतरवली आणि जो भेटेल त्याला ऐकवत सुटलो, 'बाईंची पट्टी बघा, पांढरी सहा!' (पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या स्वरावर असतो ती.) अकरा वर्षं. पट्टीवरून मी त्यांच्या आवाजाच्या जातीबद्दल सिद्धान्तही मांडला होता, चहा पिता पिता. मग एकदा पेटी वाजवणारे एक गृहस्थ घरी आले, त्यांनी शांतपणे पेटी ओढली, दोन रेकॉर्डी ताडून बघितल्या आणि म्हणाले, "बाई काळी चारमध्ये गातायत. पांढरी सहामध्ये तुमचं मशीन गातंय." मित्राचा प्लेअर मिनिटाला 78 ऐवजी 82-83 फेरे घेत होता. तेवढ्यानं सूर अर्धी पायरी चढतो. तेव्हा ग्रुप नव्हते म्हणून मी पाच-पंचवीस लोकांसमोरच मूर्ख ठरलो. तूही वेग एकदा तपासून घे. लेबलवर कागदाचा एक ठिपका चिकटव आणि घड्याळ लावून मिनिटभर मोज. तबकडीला एखादा तडा असेल तर मोजायचीही गरज नाही, तो प्रत्येक फेऱ्याला टिक करतो, मिनिटात 78.

बाकी अगदी सुरुवातीच्या तबकड्यांचा तर वेगही ठरलेला नसायचा. त्यातली एखादी असेल तर शेवटपर्यंत ऐक. गाणं संपल्यावर गाणारी आपलं नाव सांगते का बघ. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजाननं 'माय नेम इज गौहरजान' म्हटलं ते पुढे फार गाजलं, पण तो नखरा नव्हता, सोय होती. मेणाचा साचा जर्मनीत हॅनोव्हरला जायचा, तिथल्या कामगाराला कुठली बाई आणि कुठली भाषा ते कसं कळणार? ऐकून लेबल लावायचं. लोक फाइल करताना गाणं संपलं की तो शेवट कापून टाकतात. तू कापू नकोस.

आणि ट्रंकेत एखाद्या लेबलवर बाईंच्या नावाखाली 'अमॅच्युअर' छापलेलं दिसलं तर ती तबकडी सगळ्यात वर काढून ठेव. घरंदाज घरातल्या बायका गायल्या की कंपनी असं छापायची, म्हणजे बाई पेशानं गाणाऱ्या नव्हेत हे लोकांना कळावं. पुष्कळदा आडनावही नसतं. एकदोन तबकड्या आणि पुढे लग्न, संसार, गाणं बंद. या बायकांची नोंद कुठल्या ग्रंथात नाही. ती असलीच तर कुणाच्या तरी घरात आहे, 'आमची आत्या म्हणे गायची' अशा वाक्यात. ट्रंक बंद करू नकोस म्हणतो ते यासाठी. बालगंधर्व तू न टाकलेस तरी चालतील, ते सगळीकडे आहेत. ही आत्या तुझ्याचकडे असेल, आणि तिला ओळखणारा म्हातारा पुतण्या कदाचित त्याच ग्रुपवर गप्प बसलेला असेल.

आता चॅनेलवाले गृहस्थ. राग यायलाच हवा. पण कायद्यानं बघितलं तर त्या तबकडीचे मालक तेही नाहीत आणि तूही नाहीस. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. तुझ्या ट्रंकेतल्या 1935-40 च्या तबकड्या ध्वनिमुद्रण म्हणून केव्हाच मोकळ्या झाल्या. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं. म्हणजे 1938 ची तबकडी मोकळी, पण कवी 1980 ला गेले असतील तर शब्द 2040 सरेपर्यंत बांधलेले. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. एखाद्या दिवशी एखाद्या संगीत कंपनीचं यंत्र तुझ्या फाइलवर दावा ठोकेल तेव्हा गांगरून जाऊ नयेस म्हणून सांगतो.

त्या गृहस्थांना एक सभ्य निरोप पाठव : 'ही फाइल माझ्या आजोबांच्या संग्रहातली, मी उतरवलेली. तसा उल्लेख करावा.' केला तर ठीक. नाही केला तर भांडत बसू नकोस. त्यापेक्षा त्यांच्याकडे नाही ते तू दे. लेबलचा दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो. लेबलवर छापलेला क्रमांक. आणि लेबल व रेषा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर, उजेड तिरपा धरला की दिसतो, तो ठोकलेला दुसरा क्रमांक. हा साच्याचा नंबर. लेबल चुकीचं चिकटू शकतं, हा सहसा खोटं बोलत नाही. त्यावरून तबकडीच्या दोन बाजू एकाच दिवशी गायल्या की नाही याचा माग काढता येतो. लेबलवर कुत्रा (एचएमव्हीची खूण) आहे की 'यंग इंडिया' आहे तेही लिही. ही दुसरी कंपनी मुंबईची, 1935 ला निघालेली. कुत्रा-छापनं ज्यांना विचारलं नाही असे कितीतरी गळे तिच्याकडे आले. मुंबईत 1990 पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' म्हणून मंडळ आहे, तिथल्या लोकांनी असल्या नंबरांवर आयुष्यं घातली आहेत. त्यांच्यासमोर नुसतं 'अतिदुर्मिळ' म्हणून बघ, हसतील. नंबर सांगितलास तर खुर्ची देतील. फोटो, नंबर आणि फाइल असं एकत्र इंटरनेट आर्काइव्हवर ठेवून दे आणि ग्रुपवर त्याची लिंक. मग कुणी कितीही नाव छापो, मूळ कुठलं ते उघड आहे. आणि ग्रुपवरच पाठवायची असेल तर व्हिडिओ करून पाठवू नकोस, आवाज आणखी पिचतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून जोड.

कॅसेट टाकू नकोस.

याला दोन कारणं. एक कायद्याचं : गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो आणि त्याची मुदत 50 वर्षांची आहे, 1984 ला अजून तेवढी झाली नाहीत. पण ते जाऊ दे. खरं कारण हे की रेकॉर्ड करताना बाईंना ठाऊक होतं, हे दुकानात जाणार. कोजागिरीला तुझ्या आजोबांच्या गच्चीवर त्या घरच्यांसाठी गात होत्या. त्या टेपवर गाण्याखेरीज काय काय आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मी असल्या शेकडो टेपा ऐकल्यात. तबलजीला दिलेली झिडकारी असते. खोकला असतो. 'दूध आटलं का गं?' असतं. एखादी तान फसते आणि त्या स्वतःच हसतात. ते सगळं मला गाण्याहून जास्त आवडतं, पण त्यावर मत द्यायचा हक्क माझा नाही, त्या ग्रुपचा तर नाहीच.

सांगलीला जा. फोनवर विचारू नकोस, फोनवर माणूस पटकन हो म्हणतो किंवा पटकन नाही म्हणतो. कॅसेटची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जा, आधी त्यांना दे आणि बस. बहुतेक त्यांनी आईचं हे गाणं कधी ऐकलेलंच नसेल. त्यांना ऐकू दे, मध्ये बोलू नकोस. विचारायचं ते चहा झाल्यावर. त्या नाही म्हणाल्या तर ग्रुपवर एक ओळ लिही, 'घरच्यांची इच्छा नाही', आणि विषय संपव. तगादा लावणाऱ्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. हो म्हणाल्या तर त्यांनाच विचार, कुठला भाग, आणि आईची ओळख काय लिहायची. त्यांच्या शब्दांतच लिही.

त्याआधी कॅसेट उघडून उजेडात बघ. फितीवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी लावू नकोस, जाणत्याकडे ने. ठिपके नसतील तर आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घे आणि मगच लाव. चाळीस वर्षांची फीत, पहिल्या वाजवण्यातच उतरवून घे, दुसरी संधी मिळेल याचा भरवसा नाही.

आता पुढच्या एखाद्या शनिवारी तो देशकार ग्रुपवर पुन्हा टाक. चूक कबूल कर, कुठे चुकलीस ते सेकंदासकट लिही आणि त्या ज्येष्ठांचे आभार मान. मला एक प्रत पाठव. पण टाकण्याआधी ती पुन्हा उतरवून घे, कारण तुझा आवाज पातळ का येतो ते मला तुझ्या पत्रावरूनच कळलं. 78 चं बटण फक्त वेग बदलतं, सुई बदलत नाही. तुझ्या प्लेअरला एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या रेकॉर्डींची, सुई असणार, आणि या तबकड्यांची खाच तिच्यापेक्षा तिपटीनं रुंद. ती सुई खाचेच्या तळाला घासत जाते, तिथे नुसती ऐंशी वर्षांची धूळ आहे. गाणं बाजूच्या भिंतींवर आहे. 78 ची वेगळी सुई मिळते, प्लेअरच्या कंपनीकडे विचार. आणि तबकडी पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नकोस, ती लाखेची आहे, विरघळेल. पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवून. सुई येईपर्यंत एकही रेकॉर्ड लावू नकोस.

— काका